घरी वस्तऱ्याला धार लावणं : दगड, पट्टा आणि नेमकं कुठं चुकतंय

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. अर्धं ब्लेड घालायचा सलूनमधला वस्तरा नाही, घडीचा खरा वस्तरा घरीच धारेला लावायचा आहे.

हत्यार : जर्मनीतल्या झोलिंगेनचा ५/८ इंची, कार्बन पोलाद. पाठ ४.६ मिमी जाड, पाठीपासून धारेपर्यंत रुंदी १६ मिमी. कुठं खोक पडलेला नाही, नुसता बोथट झालाय. दगड : १०००/६०००चा दुतोंडी (आकडा मोठा तेवढा कण बारीक), २०० बाय ७० मिमी. शेवटी पातं फिरवायचा चामड्याचा पट्टा आणि भिंग अजून घेतलेलं नाही.

१०००वर दोन्ही बाजूंनी वीस-वीस फेऱ्या दिल्या, मग ६०००वर तीस. पातं आरशासारखं चकाकतंय, पण दाढीचा केस कापंना. हातावरचा केससुद्धा नुसता ओढून घेतोय. दगड चुकलाय का हात? १२०००चा दगड आणला तर सुटंल का हे?

पोलादपाणी

१२०००चा आत्ता आणू नका. अडचण त्याच्या फार आधी आहे.

चकाकी वेगळी आणि धार वेगळी. पात्याच्या दोन्ही बाजूंना धारेपाशी एकेक अरुंद सपाट उतार असतो, त्याला सगळे बेव्हल म्हणतात. हे दोन उतार जिथं एकमेकांना भिडतात ती रेघ म्हणजे धार. वस्तरा बोथट होतो म्हणजे ही रेघ घासून गोल होते. उतार पुन्हा भिडेपर्यंत १०००वर पोलाद झिजवायलाच लागतं. ते न भिडताच ६०००वर गेलं की त्या गोल कडेलाच पॉलिश बसतं. तुमचं तेच झालंय. वीस फेऱ्यांत बोथट वस्तऱ्याचे उतार भिडत नाहीत. शंभर-दीडशे लागतात, जुन्या कडक पोलादाला त्याहून जास्त.

कोनाची काळजी करू नका. चाकूला धार लावताना कोन हातानं सांभाळायचा असतो, वस्तऱ्यात तो पाठीनंच ठरवून दिलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही सतत दगडाला टेकलेल्या ठेवायच्या, एवढंच. तुमच्या मापानं पाठीची निम्मी जाडी २.३ मिमी आणि रुंदी १६, म्हणजे एका बाजूला सव्वाआठ अंश, दोन्ही मिळून साडेसोळा. १६ ते १८च्या दरम्यान बसलं की हत्यार ठीक आहे. पाठ एकदा जरी उचलली तरी आधीचं काम त्या एका फेरीत जातं.

आता करायचं काम. काळ्या परमनंट मार्करनं दोन्ही उतारांवर शाई लावा. वाळू द्या. १०००वर अगदी हलक्या हातानं चार फेऱ्या मारा आणि उजेडात तिरपं धरून बघा.

शाई थेट धारेपर्यंत पुसली गेली तर दगड धारेला लागतोय. उताराच्या मागच्या भागातली गेली आणि धारेलगत बारीक काळी रेघ राहिली, तर उतार अजून भिडलेले नाहीत किंवा हाताचा दाब जास्त पडतोय. मधली गेली आणि टाचेला (धारेचा दस्त्याकडचा शेवट) व टोकाला राहिली, तर धार सरळ नाही, तिला पोट आहे. काय दिसतं ते इथं सांगा, मग पुढचं.

बालाघाटी

त्याच्याही आधी दगड सपाट आहे का ते बघा. नवा दगडसुद्धा सपाट येईलच असं नाही, आणि वापरलेला तर मधोमध खोलगट होतोच. खोलगट दगडावर धार कुठं टेकते, कुठं टेकंना होते, आणि माणूस दोष हाताला देत बसतो.

पेन्सिलीनं दगडावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी काढा. १० किंवा १२ मिमीच्या साध्या काचेवर ४००चा वॉटर पेपर पाण्यानं चिकटवा आणि दगड त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. सगळ्या रेघा गेल्या की सपाट झाला. मध्ये रेघा उरल्या तर तिथं खड्डा आहे, घासत राहा. शेवटी चारही कडा थोड्या मोडून घ्या, नाहीतर धारदार कडेला पातं अडकून खोक पडतो.

काचच का, तर कारखान्यात ती वितळलेल्या कथिलावर तरंगत थंड होते, त्यामुळं सपाटीला तोड नाही. शहाबादी फरशी किंवा ओट्याचा कडाप्पा नजरेला सपाट दिसतो, पण तो या कामाचा नाही. लातूरला गंजगोलाईच्या भागात काचवाल्याकडं उरलेला तुकडा मागा, ३०० बाय १०० मिमी पुरतो. कडा त्याच्याकडूनच घासून घ्या.

१०००ची बाजू बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं पाण्यात ठेवावी. ६०००ला वरून शिंपडलेलं पाणी पुरतं. दगड जोडाचा असेल तर तासन् तास बुडवून ठेवू नका, जोड सुटतो.

मांजराकाठ

जाळी काढून बघितली. मधल्या रेघा बराच वेळ जात नव्हत्या, म्हणजे खड्डा होताच. आता सपाट आहे.

शाईचं असं : डाव्या बाजूला धारेपर्यंत गेली. उजव्या बाजूला टाचेकडं साधारण एक सेंटिमीटर काळं तसंच राहतंय, आणि बाकी धारेलगत केसाएवढी काळी रेघ आहे.

पोलादपाणी

दोन वेगळी कारणं आहेत.

टाचेचं आधी. पात्याच्या मुळाशी, शेपटीच्या (पातं आणि दस्ता यांमधली दांडी) अलीकडं जाड भाग असतो. तो दगडावर चढला की टाचेकडची धार वर उचलली जाते. तो भाग दगडाच्या कडेबाहेर पाच-सहा मिमी ठेवून फिरवा. तरीही टाच टेकली नाही तर त्या जाड भागाचा खांदाच मागं घासून घ्यावा लागतो, पण ते नंतर बघू, घाई नको.

धारेलगतची रेघ दाबाची. ५/८चा पोकळ घासलेला, म्हणजे दोन्ही बाजू आत खोलगट केलेला वस्तरा धारेमागं इतका पातळ असतो की बोटाचा दाब पडला की पातं वाकतं, धार वर जाते आणि दगड धारेच्या मागं खातो. दाब वाढवला की काम लवकर होईल असं वाटतं, होतं उलट. १०००वर सुरुवातीला एका बोटाचं वजन चालेल, शेवटच्या तीस फेऱ्यांना फक्त हत्याराचं स्वतःचं वजन.

गोदातीर

हात कसा फिरवायचा ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

शेपटी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत धरा. दस्ता पात्याच्या सरळ रेषेत किंवा थोडा वर. दगडावर धार पुढं, पाठ मागं. चामड्यावर बरोबर उलटं : पाठ पुढं, धार मागं. हा फरक डोक्यात पक्का बसला पाहिजे, कारण चामड्यावर धार पुढं नेली तर पट्टा फाटतो आणि धारही जाते. पलटी मारताना पातं नेहमी पाठीवरून फिरवा, पाठ पृष्ठभागावरून उचलायची नाही. धारेवरून फिरवलं तर एका पलटीत धार मोडते.

पात्याची धार असते साधारण ७५ मिमी आणि तुमचा दगड ७० रुंद, म्हणजे अख्खी धार एका वेळी मावत नाही. म्हणून तिरपी फेरी : सुरुवातीला टाच दगडावर, पुढं ढकलत ढकलत पातं बाजूला सरकवायचं, शेवटी टोक दगडावर. दोन्ही बाजूंचे मार्ग मिळून फुलीचा आकार होतो. टाच थोडी पुढं, टोक थोडं मागं ठेवलं तर पोट असलेल्या पात्यालाही ही फेरी पुरते. पोट जास्त असेल तर ढकलता ढकलता मनगटानं टाचेकडून टोकाकडं वजन सरकवायचं.

बोथट वस्तऱ्याला १०००वर आधी छोटे गोल : एका बाजूला ४०, दुसऱ्या बाजूला ४०. मग २० तिरप्या फेऱ्या, मग शाई लावून तपासणी. उतार भिडेपर्यंत हेच चक्र. मोजणी ही सवयीसाठी, निर्णय तपासणीनं. शंभरात झालं तर शंभर, चारशे लागले तर चारशे.

भिडलेत हे कसं ओळखायचं? पिकलेला टोमॅटो घ्या. पात्याची धार सालीवर नुसती ठेवा आणि न दाबता ओढा. टाच, मध्य आणि टोक, तिन्ही ठिकाणी साल आपोआप उघडली पाहिजे. एका जागी जरी घसरलं तरी तिथं उतार भिडलेला नाही. दुसरी खूण, हातावरचे केस कातडीलगत दोन्ही बाजूंनी सहज निघाले पाहिजेत, ओढ न बसता.

दुधनाकाठ

+१ टोमॅटोला. नखावरची परीक्षा काही जण सांगतात, पण ती फक्त १०००पर्यंतच. पुढच्या दगडांनंतर नखावर धार ओढली तर तीच खराब होते.

मध्येच एक विचारतो. आमच्याकडं काळ्या दगडाला तोटा नाही. पाट्या-वरवंट्याचा जो दगड, त्याचा तुकडा काचेवर सपाट केला तर निसणा म्हणून चालंल का? विळ्या-कोयत्याला लोक वापरतात की.

पोलादपाणी

विळ्या-कोयत्याला चालतो, वस्तऱ्याला नाही. आपला काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. त्यात वेगवेगळ्या खनिजांचे लहान-मोठे कण आणि ठिकठिकाणी पोकळ्या असतात. धारेच्या दगडाला लागतो तो सारख्या आकाराचा कण. ११ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांत एक जरी ५०चा निघाला तरी तो धारेवर चर पाडतो, आणि पुढच्या तीन दगडांनी तो चर जात नाही. कोयत्याला असा चर फायद्याचाच, करवतीसारखा ऊस तोडतो. गालाला तो झेपत नाही.

त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी-अकीक मिळतो, तो बारीक आणि एकजीव असतो. पण तो फार कठीण, घरी सपाट करणं कष्टाचं, आणि पोलाद खातो अगदी हळू. शिकणाऱ्यानं त्यात पडू नये.

बालाघाटी

पाठीला टेप लावायची राहिली. वायरिंगची इन्सुलेशन टेप, एकच थर, टाचेपासून टोकापर्यंत सुरकुती न पडता. पाठ झिजत नाही. प्रत्येक दगडाला नवी टेप, कारण जुन्या टेपमध्ये रुतलेले जाड कण बारीक दगडावर येतात.

गोदातीर

बालाघाटी दादा, इथं माझं मत वेगळं. वस्तरा बनवणाऱ्यानं पाठ आणि धार एकत्र झिजावी असंच माप ठेवलेलं असतं. पाठ झिजली नाही आणि रुंदी कमी होत गेली तर कोन हळूहळू वाढत जातो. शिवाय टेप मऊ, दाब पडला की दबते, आणि नवशिक्याला पाठ टेकल्याचा जो निब्बर स्पर्श हाताला कळायला पाहिजे तो कळत नाही.

बालाघाटी

कोन वाढतो हे मान्य. टेप ०.१५ मिमी धरली तर दोन्ही बाजूंची ०.३ होते, मांजराकाठ यांच्या मापानं साडेसोळाचे १७.६ अंश. एका अंशानं दाढीला काही फरक पडत नाही. पण पाठीवर सोनेरी काम किंवा नक्षी असेल, किंवा पात्यावर शंभर-दीडशे फेऱ्यांचं जड काम असेल, तर टेप न लावणं म्हणजे हत्याराचं नुकसान. मात्र एक पाळा : सुरू केली तर शेवटच्या दगडापर्यंत टेप हवी. अर्ध्यात काढली तर कोन बदलतो आणि बारीक दगड धारेला लागतच नाही.

सूक्ष्मदर्शी

दोघांचं बरोबर आहे, साध्या हत्याराला नको आणि नक्षीच्या हत्याराला हवी.

भिंगाबद्दल लिहिते. मांजराकाठ भाऊ, १२०००च्या दगडाऐवजी आधी भिंग घ्या. सोनार वापरतात ते १०-२० पटीचंही चालेल, दिवा लागणारं ६० पटीचं मिळालं तर उत्तम. वरून दिव्याखाली धार स्वतःकडं करून सरळ बघा. जिथं पांढरा ठिपका किंवा रेघ चमकते तिथं धार गोल आहे. भिडलेली धार उजेड परतवत नाही, ती दिसतच नाही.

बाजूनं बघताना ओरखडे वाचायचे. जपानी मापानं १०००चा कण सुमारे ११.५ मायक्रॉन, ३०००चा ४, ६०००चा २, ८०००चा १.२. प्रत्येक दगडाचं काम मागच्या दगडाचे ओरखडे पुसणं हेच. १०००वर ओरखडे एका दिशेनं पाडा, ६०००वर पात्याचा तिरपेपणा थोडा बदला. मग भिंगातून जुने कुठले आणि नवे कुठले ते लगेच ओळखू येतं. धारेपर्यंत पोचलेला १०००चा एक जुना ओरखडा म्हणजे धारेत एक दातरा, आणि गालावर ओढ बसते ती त्याचीच. १००० ते ६००० ही उडी मोठी आहे, त्यामुळं तीस फेऱ्या पुरणार नाहीत, ऐंशी-शंभर लागतील. मध्ये ३०००चा असता तर तीस-तीस पुरल्या असत्या.

आणि दगड बदलताना पातं, टेप, हात, सगळं धुवायचं. १०००चा एक कण ६०००वर आला तर काम मागं जातं.

येडशीघाट

पाण्याबद्दल. बोअरचं पाणी जड, क्षारांचं. ते पात्यावर वाळलं की पांढरे डाग पडतात, ओलं राहिलं की गंज धरतो, आणि साबणाला फेस येत नाही. उकळून गार केलेलं पाणी वापरा.

पोलादपाणी

उकळण्यानं निम्मंच काम होतं. विरघळलेला बायकार्बोनेट खाली बसतो, पण सल्फेट आणि क्लोराइडचा जडपणा उकळून जात नाही. दगडासाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. लागतं किती? एक तांब्या. नळाखाली बसायची गरज नाही, आणि आपल्या भागात तसं बसूही नये. वापरलेलं राखाडी पाणी मोरीत ओतू नका, दगडाचा गाळ साचतो.

गोदातीर

आता पट्टा, कारण त्याच्याशिवाय कुठलीच धार दाढीला तयार होत नाही.

चामडं २.५ ते ३ मिमी जाड, रुंदी ६० ते ७५ मिमी, फिरवायला लांबी ४५ सेंटिमीटर. साल-हिरड्यात कमावलेलं हवं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं चालतं. रसायनात कमावलेलं पर्सचं मऊ चामडं दबतं, धार गोल करतं. चप्पल-जोडे शिवणाऱ्या कारागिराकडं तळाचं चामडं मागा, डाग आणि शिरा नसलेला तुकडा निवडा. केसांकडची गुळगुळीत बाजू वर. दुसरा पट्टा जाड सुती कापडाचा, जीन्सचं कापडही चालतं.

दोन्ही टोकं ताणून धरा. पट्टा ढिला पडला की पातं खाली बुडतं आणि पट्टा धारेभोवती गोल वळतो. कापडावर ३० फेऱ्या, चामड्यावर ६०. जाऊन-येऊन एक फेरी. सुरुवातीला हळू, वेगाला अर्थ नाही. पट्टा नसेल तोवर वर्तमानपत्राची घडी काचेवर ठेवून पन्नास फेऱ्या द्या. छपाईच्या शाईतली काजळी अगदी बारीक पॉलिशचं काम करते.

हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, साधारण ०.५ मायक्रॉनची, ती वेगळ्या पट्ट्यावर किंवा लाकडी पट्टीवर. रोजच्या चामड्यावर चुकूनही नाही. आणि महिन्यातून दहा फेऱ्यांवर नाही, जास्त मारली की धार गोल होत जाते.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत पट्टा टांगून ठेवू नका, ४२ अंशांत चामडं वाळून तडकतं. रोज तळहात चोळला तरी पुरे, हाताचा ओलसरपणा त्याला लागतो.

येडशीघाट

पट्ट्याला आणि पात्याला करडईचं तेल लावलं तर? घाण्याचं चांगलं मिळतं इकडं.

पोलादपाणी

करडईचं तेल खायला उत्तम, इथं नको. ते हवेत सुकणारं तेल आहे, म्हणून रंगातही वापरतात. चार-सहा आठवड्यांत पिवळा चिकट थर होतो. पट्ट्यावर तो धूळ धरतो, दस्त्याच्या पिनेत गेला तर वस्तरा उघडंना होतो. सूर्यफुलाचंही तसंच. शिलाई मशीनचं तेल घ्या, कापसाच्या बोळ्याला एक थेंब. पावसाळ्यात दाढीनंतर पातं पुसून, पिनेपाशी कागदाचं टोक घालून पाणी टिपून मग तेल. वस्तरा मोरीत ठेवायचा नाही.

जुना वस्तरा घेताना काय बघायचं तेही इथंच लिहितो. धारेलगत काळे खोल ठिपके असतील तर सोडून द्या, गंज आत गेलेला असतो आणि प्रत्येक वेळी धार तिथं तुटते. पात्यावर निळी झाक असेल तर कुणीतरी ते विजेच्या चाकावर तापवलंय. निळा रंग साधारण ३०० अंशांला येतो, तेवढ्यात पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. असं पातं धार घेतं पण दुसऱ्या दाढीला टिकत नाही. म्हणूनच धारवाल्याच्या चाकावर वस्तरा देऊ नये. दस्ता सेल्युलॉइडचा असेल आणि त्याला आंबूस वास येत असेल तर तो वायू सोडतोय, त्यानं पातं गंजतं, शेजारची हत्यारंही. शिंगाचा दस्ता पाण्यात भिजवू नका.

आणि हत्यार कुणाचंही असो, आधी साबणानं घासा, मग स्पिरिटनं पुसा. पुढं तो एकाच माणसाचा वस्तरा. रक्तातून कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरतात, त्यामुळं घरातल्या घरातही वाटून वापरायचा नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. १०००वर २४० झाल्यावर टोमॅटोची साल तिन्ही ठिकाणी उघडली. टाच बाहेर ठेवल्यावर तिथलीही शाई जायला लागली. ६०००वर १०० फेऱ्या, जीन्सवर ३०, वर्तमानपत्रावर ५०. गालावर आता व्यवस्थित निघते, हनुवटीवर आणि ओठावर मात्र ओढ लागते. सोनाराच्या भिंगातून बघितलं तर धारेला एका बाजूनं बारीक चमकती रेघ आहे, दुसऱ्या बाजूनं दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी

एकाच बाजूनं दिसते म्हणजे ती बर्र आहे, एका बाजूला मुडपलेला पोलादाचा पातळ काठ. शेवटी एका बाजूला सलग जास्त फेऱ्या झाल्या की होतं. ६०००वर परत जा. एक फेरी ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं, अशा पंधरा, निव्वळ हत्याराच्या वजनावर. मग पुन्हा भिंग. रेघ गेली नाही तर अजून दहा. दाबून काढायला जाऊ नका, बर्र तुटते आणि जागी खाचा राहतात.

बालाघाटी

बर्र गेली की हनुवटीसाठी ६०००च्या पुढचं एक पाऊल लागेल. त्याला महागडा दगड नको. १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (बारीक कण बसवलेली प्लास्टिकची पातळ शीट) आणि तीच दगड सपाट करायची काच, दोन्ही बाजू आधी धुऊन. ए-४ आकाराची शीट येते, तिच्या ७० मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा. काचेवर पाण्याचे चार थेंब, फिल्म टेकवा, बोटानं मधून कडेला दाबत हवा काढा. खाली वाळूचा एक कण राहिला तर उंचवटा येतो आणि धारेला खोक पडतो, म्हणून कापून झाल्यावर हात फिरवून बघा. वर पुन्हा दोन थेंब पाणी. चाळीस तिरप्या फेऱ्या, धार पुढं, दाब शून्य. धार फिल्ममध्ये रुतल्यासारखी वाटली तर पाठ उचलली जातेय, लगेच थांबा. फिल्म मध्ये काळी पडली की पट्टी बदला, एका पट्टीवर तीन-चार वेळा होतं. टेप लावून केलं असेल तर इथंही टेप.

नंतर कापड ३०, चामडं ६०. पट्टा आल्याशिवाय फिल्म करू नका. वर्तमानपत्रावर ह्या धारेचा नीट अंदाज येत नाही.

मांजराकाठ

टेप नव्हती, तशीच ठेवतो. चामडं बघायला उद्या बाजारात जातो. ७५ रुंद आणि ६० रुंद दोन्ही मिळालं तर कुठलं घेऊ?

गोदातीर

७५. अख्खी धार एका वेळी मावते, तिरपं फिरवावं लागत नाही. ६० मिळालं तरी अडत नाही, तेवढंच पातं टाचेकडून टोकाकडं सरकवत न्यायचं. घ्यायच्या आधी दुकानातच चामडं बोटावर वाकवून बघा, गुळगुळीत बाजूला सुरकुत्या उमटून तशाच राहिल्या तर तो तुकडा नको.